सेकंडहँड जेट स्की घेताय? आधी सीट बघा, इंजिनाचं नंतर बघू

नवीन जेट स्की, म्हणजे ती पाण्यावरची स्कूटर, घ्यायच्या भानगडीत पडूच नका. सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर ४० टक्के जीएसटी आहे, आधी २८ होता, म्हणजे सरकारच्या हिशोबात तुम्ही आणि यॉटवाला शेठ एकाच रांगेत, आणि एवढा मान आपल्याला पचत नाही. त्यापेक्षा सेकंडहँड घ्या, घरी आणून रिस्टोअर करा, चार पैसे वाचवा. वाचलेले पैसे कुठे जातात ते पुढे येईलच.

शोधायला फार लांब जायला नको. नागाव, काशीद, तारकर्ली, बागा, कलंगुट, जिथे तुम्ही पाच मिनिटांच्या राईडचे पैसे भरून पुढे बसलात आणि मागच्या पोराने तुमच्या हातावर हात ठेवून गाडी फुल थ्रॉटलला सोडली, तीच गाडी काही सीझन झाले की "पर्सनल यूज, फॅमिली ओन्ड, कडक कंडिशन, शौकिनांनीच फोन करावा" होऊन ओएलएक्सवर येते. फॅमिली जरा मोठी होती एवढंच, रोज नवीन माणसं यायची.

आता घ्यायची कधी, तर जूनमध्ये. मे संपत आला की कोकणात वॉटर स्पोर्ट्स बंद होतात ते थेट ३१ ऑगस्टपर्यंत, धंदा ठप्प, मालकाला पैशांची गरज, भाव पडलेला. आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे समुद्र खवळलेला असल्यामुळे गाडी पाण्यात घालून बघायचा प्रश्नच येत नाही, ती शेडमध्ये ताडपत्रीखाली ट्रॉलीवर असते, मालक ताडपत्री नव्या नवरीच्या पदरासारखी हळूच बाजूला करतो, आणि तुम्हाला दिसते ती सीट. काळी-निळी, चकचकीत, नवी कोरी. बस. इथेच अर्धा व्यवहार झाला. सीट चांगली ठेवणाऱ्या माणसाने इंजिनही चांगलंच ठेवलं असणार, हे लॉजिक लग्न जमवण्यापासून फ्लॅट घेण्यापर्यंत आपण सगळीकडे वापरतोच की.

तिथे काही अतिशहाणे लोक कम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर, घेऊन जातात. असल्यांच्या नादी लागू नका. त्यांचं म्हणणं की जुनी टू-स्ट्रोक असेल तर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरला गेज लावायचं, दाब साधारण १२० ते १५० पीएसआय आला पाहिजे आणि सिलिंडर-सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांच्या वर फरक नको, फरक असला की टॉप एंड, म्हणजे पिस्टन-सिलिंडरचा वरचा भाग, गेलाच समजा. लाखांच्या व्यवहारात दीड-दोन हजाराचं गेज कोण विकत घेतं हो? आणि समोरच्याला काय वाटेल? त्याने बिचाऱ्याने तुम्ही यायच्या आधीच गाडी एकदा चालू करून गरम करून ठेवलीय, म्हणजे तुमच्यासमोर हाफ सेल्फमध्ये उठेल. त्याच्या या चांगुलपणाचा मान ठेवा. एक्झॉस्टला, सिलिंडर हेडला हात लावून गरम आहे का बघणं वगैरे असभ्यपणा करू नका, थंड इंजिन तुमच्यासमोर चालू करून दाखवा असं तर बोलूच नका.

इंजिन किती तास चाललं ते दाखवणारा मीटर मात्र बघा, लोक बघतात म्हणून. कमी दिसले तर खूश व्हा, मीटर बंद असेल तर अजून खूश व्हा, कारण मग तुम्हाला वाटेल तेवढे तास धरता येतात. चार-स्ट्रोक गाडीचे खरे तास डीलर लॅपटॉप जोडून काढतो, पण त्यासाठी डीलर गाठायला हवा. सुपरचार्जरवाली, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारी, सी-डू (जेट स्कीचा एक ब्रँड) मिळाली तर सोडूच नका. जुन्या मॉडेलमध्ये सुपरचार्जर दर १०० तासांनी उघडून आतले वॉशर बदलायचे असतात, ते सिरॅमिकचे असायचे आणि फुटले की त्यांचे तुकडे इंजिनात फिरून येतात. पण मीटर बंद आहे ना, मग १०० झाले की नाही ते कोणाला कळणार? इंजिनाला पण नाही.

मागच्या बाजूला खाली वाकून पंपात बॅटरी मारून बघायची काही गरज नाही, पँटला वाळू लागते. तशी वाळू आतही असतेच. पाणी ओढून मागे फेकणं हेच या गाडीचं काम, आणि कंपनीवाले सांगतात की कमरेएवढं पाणी असल्याशिवाय चालू करू नका, पण किनाऱ्यावर गिऱ्हाईक पाय ओले करायला तयार नसतं, म्हणून गुडघाभर पाण्यात स्टार्ट. रोज, दिवसभर. मग इंपेलरची, म्हणजे पंपातल्या पंख्याची, पाती चावल्यासारखी होतात, त्याच्याभोवतीच्या वेअर रिंगला चरे पडतात, दोघांमधली फट वाढते, आणि मग रेस दिली की इंजिन बोंबलतं आणि गाडी जागच्या जागी. आवाज ऐकून किनाऱ्यावरच्या लोकांना वाटतं काय पॉवर आहे! थंड करायचं पाणीही त्याच पंपातून येतं, तेव्हा वाळूचा प्रसाद तिकडेही पोचलेला असतो. पण हे सगळं खाली, आत, अंधारात. सीट वर आहे, उजेडात आहे. सीट बघा.

घासाघीस करताना सीटवरच करा. "सीटला इथे जरा चिरलंय" म्हणून पाच हजार कमी करून घ्या. तो लगेच कमी करेल, इतक्या लगेच का केले याचा विचार करत बसू नका.

गाडी घरी आली. आता फ्लशिंग. खाऱ्या पाण्यातून आलेल्या गाडीत गोडं पाणी फिरवायचं असतं हे तुम्हाला कोणीतरी सांगेलच, तेव्हा आधी नळ पूर्ण सोडा, बागेचा पाईप लावा, बादलीभर पाणी आत जाऊ दे आणि मग निवांत इंजिन चालू करा. मॅन्युअलमध्ये बरोबर उलटं लिहिलेलं असतं, आधी इंजिन, मग पाणी, आणि बंद करताना आधी पाणी आणि मग इंजिन, कारण इंजिन बंद असताना सोडलेलं पाणी एक्झॉस्टमधून उलटं सिलिंडरमध्ये शिरतं आणि पाणी काही पेट्रोलच्या वाफेसारखं दाबलं जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. पण मॅन्युअल वाचून गाडी चालवणारा मराठी माणूस अजून बघण्यात नाही, परंपरा मोडायला तुम्हीच कशाला.

पेट्रोलचं तर बोलायलाच नको. बहुतेक कंपन्या म्हणतात दहा टक्क्यांच्या वर इथेनॉल नको, आपल्या पंपावर वीस टक्क्यांचं मिळतं. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणातल्या हवेत पाणी सोडून दुसरं असतं काय. टाकी अर्धी भरून चार महिने ठेवून द्या. नव्वदच्या दशकातली जुनी सी-डू असेल तर त्यातल्या राखाडी पेट्रोलच्या नळ्या अशाही आतून विरघळून हिरवट चिकट होतात आणि कार्बोरेटर तुंबवतात, त्या बदलायला फार खर्च येत नाही, म्हणूनच कोणी बदलत नाही.

असो. इंजिनाचं बघू नंतर. आता आपण मुख्य कामाकडे येऊ, म्हणजे सीट. कारण व्हॉट्सॲप स्टेटसला सीट ठेवता येते, इंजिनातलं क्रँक सील ठेवता येत नाही.

सीट मागचा लॅच ओढला की निघते. उचलून बघा. जड लागली? म्हणजे क्वालिटी आहे. आतल्या फोमने सगळा अरबी समुद्र पिऊन ठेवलाय असं कोणी म्हटलं तर दुर्लक्ष करा. दाबल्यावर शिलाईतून पाणी येतं आणि वास सुक्या बोंबलाच्या आसपासचा येतो, तर वरून अत्तर मारा. खरं म्हणजे अशा वेळी कव्हर काढून फोम आठवडाभर तरी सावलीत वाऱ्यावर वाळवावा लागतो, नाहीच वाळला तर बदलावा लागतो, आणि बसवताना फोम आणि कव्हरच्या मध्ये पातळ प्लास्टिकचा कागद ओढून घ्यावा लागतो, कारण कापड कितीही वॉटरप्रूफ असलं तरी सुईने पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे एक नळच. पण जुलैत कोकणात आठवडाभर काय वाळतं? चड्डी वाळत नाही. ओल्यावरच नवीन कव्हर चढवा, ओलावा आत सुरक्षित राहील.

सीटवाला निवडताना रिक्षाचे हूड शिवणाराच निवडा, आणि त्याला काही सांगू नका. माणूस हाताचा कलाकार असतो, शंकाच नाही, टेप न लावता कटिंग करतो, पण त्याच्याकडे असतं रिक्षाचं रेक्झिन. मरीन व्हिनाईल म्हणजे ऊन, मीठ आणि बुरशी सोसणारं, ताणलं जाणारं कापड, ते वेगळं मागवावं लागतं आणि मीटरचा भाव ऐकून माणूस खाली बसतो. रेक्झिन स्वस्त, आणि एका उन्हाळ्यात कडक होऊन पापडासारखं तडकतं, म्हणजे पुढच्या वर्षी परत नवीन रंग घेता येतो. दोरा सुतीच वापरायला सांगा. पॉलिस्टरचा, उन्हाला टिकणारा दोरा वर्षानुवर्षं निघत नाही, मग सीटवाल्याच्या पोटावर पाय. आणि डिझाईनमध्ये कंजूषी नको, तीन रंग, हिऱ्याच्या आकाराची शिलाई, पाइपिंग, मागे भरतकामात "श्री देव रामेश्वर प्रसन्न", जेवढी शिलाई जास्त तेवढी भोकं जास्त, तेवढा समुद्र आपला.

जुनं कव्हर काढलं की ते फेकून द्या. त्याची शिवण उसवून फर्मा म्हणून वापरलं असतं तर कटिंग बरोब्बर आलं असतं, पण मग सीटवाल्याची कला कशी दिसणार. कव्हर ओढताना व्हिनाईल आधी उन्हात ठेवून किंवा हीट गनने मऊ करून, पुढचं टोक आणि मागचं टोक आधी मारून, मग मधून दोन्ही बाजूंना थोडं थोडं जात स्टेपलरच्या पिना मारायच्या असतात. तुम्ही एका बाजूने सुरू करून सरळ दुसऱ्या बाजूला जा, शेवटी जी सुरकुती उरेल तिला "कंटूर डिझाईन" म्हणा. पिना साध्या लोखंडी. स्टेनलेसच्या पिना शोधायला शहरात जावं लागतं, आणि साध्या पिना पहिल्याच खाऱ्या पाण्यात असा काही तांबडा रंग सोडतात की सीटच्या कडेला फुकटात डिझाईन होतं. लांबीला मोठ्याच घ्या. सहा मिलीमीटरच्या छोट्या पिना प्लास्टिकच्या बेसमध्ये बसतात, मोठ्या आरपार जातात, त्यामुळे सीट उचलताना तळहाताला कळतं की काम पक्कं झालंय.

शेवटी सिलिकॉन पॉलिश. भरपूर. आरसा झाला पाहिजे. त्यावर ओल्या चड्डीने बसून कोणी रेस दिली की मागचा माणूस अलगद मागून उतरतो, थेट जेटच्या झोतासमोर. त्या झोताने शरीराच्या आत कुठे कुठे इजा होते याचा इशारा सगळ्या कंपन्या गाडीवर स्टिकर लावून देतात आणि म्हणून बसणाऱ्या प्रत्येकाने वेटसूटची (पाण्यात घालायच्या जाड रबरी कपड्याची) चड्डी घालावी असंही लिहितात. आपल्याकडे बर्म्युडा असतो.

तो स्टिकर बहुधा तुमच्या गाडीवर नसेलच, कारण रंगवताना सगळे स्टिकर खरवडून काढायचे असतात. मागे अजून एक असतो, बाण काढलेला, तो पण काढा. तो चक्क उलटा चिकटवलेला असतो, आधीच्या मालकाचा गबाळेपणा दुसरं काय. (गाडी उलटली की कुठल्या बाजूने सरळ करायची ते त्यावर असतं आणि वाचायची वेळ येते तेव्हा गाडीच उलटी असते म्हणून तो उलटा, पण एवढं डोकं कोण चालवतं.) हलला, म्हणजे गाडीच्या खालच्या बोटीसारख्या अंगाला, तडा असेल तर एम-सील, त्यावर पुट्टी, त्यावर स्प्रे. फायबरवाल्याकडे नेलंत तर तो आतून घासून मॅट आणि रेझिनचे थर द्यायला लावेल आणि बाहेरून काही दिसणार पण नाही, म्हणजे पैसे वायाच.

कागदपत्रं? आरटीओत जाऊन विचारा. तिथला माणूस आधी हसेल, मग सगळ्या स्टाफला बोलावून परत विचारायला लावेल. नोंदणी राज्याच्या मेरीटाईम बोर्डाकडे होते, मालक बदलला की तिथे नाव बदलावं लागतं, विमाही लागतो, आणि आधीच्या मालकाचा फोन त्या दिवसापासून स्विच ऑफ असतो.

आता सप्टेंबर. देवबागच्या संगमावर घेऊन जा, सगळे मित्र, मेव्हणा, व्हिडिओ काढायला भाची. सीटचे फोटो झाले की पाण्यात. समोर बोट दिसली की घाबरून रेस सोडा, म्हणजे गाडी वळायचीच बंद होते, कारण जुन्या गाड्यांत झोत असेल तरच स्टिअरिंग. उलटलात की स्टिकरशिवाय, मनाला येईल त्या बाजूने सरळ करा. चुकीच्या बाजूने केलीत तर एक्झॉस्टमधलं पाणी सिलिंडरमध्ये, आणि सेल्फ मारला की नुसतं "टक".

मग एखादा मच्छीमार येईल. दोरी देईल. त्याला सांगा, दादा, जोरात ओढ, लाज वाटते. हळू, माणूस धावेल इतपत वेगात ओढलं तर ठीक असतं, त्याच्या वर गेलं की बंद इंजिनात कूलिंगच्या नळीने पाणी भरत राहतं, म्हणजे जे काही कोरडं उरलं असेल त्याचीही सोय होते. जेट्टीला लागेपर्यंत तो वळून वळून तुमच्याकडे, मग गाडीकडे बघेल आणि शेवटी विचारेल, "विकतास काय?"

लगेच हो म्हणू नका. आधी सीटवरून हात फिरवा.