समोर माणूस बसलाच पाहिजे

ऑस्ट्रेलियात सिडनीला व्यक्तिचित्रांसाठी दिल्या जाणाऱ्या आर्चिबाल्ड पुरस्काराच्या निमित्तानं मुलांना व्यक्तिचित्र कसं शिकवावं हे तुमच्या लेखात छान आलंय, पण ‘मोबाइलवरचा फोटो समोर ठेवला तरी चालतं’ हे वाक्य अजिबात पटलं नाही. १९२१ पासून चाललेल्या त्या स्पर्धेचा नियमच उलटा आहे: ज्याचं चित्र, तो माणूस चित्रकारासमोर निदान एकदा तरी प्रत्यक्ष बसायला हवा.

मी खानापूर तालुक्यात चित्रकला शिकवतो. फोटोवरून काढा म्हटलं की निम्मी पोरं चौकटी आखून कॅलेंडरवरचे शिवाजी महाराज उतरवतात. नाक हुबेहूब, जीव कुठंच नाही. एकदा घरातलं माणूस समोर बसवायला सांगितलं. सातवीतल्या एका मुलीनं आजीला काजू सोलताना धरलं. आजी कसली गप्प बसतेय, दर दोन मिनिटांनी ‘झालं काय गं?’ म्हणून वळायची! शेवटी कागदावर मान तिरकी, एक डोळा बारीक, तोंड अर्धवट उघडं. मोजमाप पार चुकलेलं, पण गल्लीत कुणालाही दाखवा, म्हातारी ओळखतील. त्याच स्पर्धेच्या ‘यंग आर्ची’त ५ ते १८ वर्षांच्या मुलांना आपल्या ओळखीचं, जवळचं माणूसच काढायला सांगतात. हे लेखात यायला हवं होतं. आणि सिडनीपर्यंत गेलात, तर वाटेत बेळगावचे चित्रकार-शिक्षक के. बी. कुलकर्णी यांचं नाव घ्यायला काय हरकत होती? चित्रकार रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली शिकले.