बोरघाटातली धूळ

जगात बहुतेक सगळं लहान करता येतं. इंजिन करता येतं, डबे करता येतात, फलाटावर वडापाव खाणारा माणूस आणि त्याच्या तोंडाकडे बघणारं कुत्रंसुद्धा करता येतं. धूळ तेवढी लहान करता येत नाही. ती येते ती मूळ आकारातच.

आमच्या पुण्यातल्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत बोरघाट आहे. कर्जत ते खंडाळा, मध्ये मंकी हिल, तीन बोगदे, एक दरी आणि दरीच्या खाली बायकोचं शिलाई मशीन. मॉडेल रेल्वेवाल्यांच्या भाषेत एचओ स्केल, म्हणजे १:८७, सगळं खऱ्याच्या सत्याऐंशीपट लहान. दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. या मापात साडेपाच फुटी माणूस दोन सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. आता हाच हिशोब उलटा करून बघा. पंख्याच्या पात्यावरून सुटलेला सेंटिमीटरभर धागा म्हणजे रुळांवर आडवा पडलेला ८७ सेंटिमीटरचा दोरखंड. आईचा एक पांढरा केस कर्जतच्या फलाटावर पडला होता, तो मोजला तर दीड डबा लांब. आणि ट्यूबलाइटमागे राहणारी पाल जेव्हा घाट उतरते, तेव्हा अर्ध्या डब्याएवढं जनावर मंकी हिलवरून चाललेलं असतं. फलाटावरचा माणूस वडापाव खातच असतो.

तर ही धूळ नुसती दिसायला वाईट असती तर मी डोळेझाक केली असती. घरातल्या इतर धुळीकडे माझं वर्षानुवर्षं तेच धोरण आहे. पण खऱ्या रेल्वेला वरच्या तारेतून २५ हजार व्होल्ट मिळतात. माझ्या इंजिनाला मिळतात बारा, आणि तेही चाकांतून, रुळांतून. खरं इंजिन शंभर-सव्वाशे टनांचं. त्याच्या चाकाखाली कचरा आला तर कचऱ्याचंच काय ते व्हायचं. माझं इंजिन पाव-अर्धा किलोचं. चाक आणि रूळ जिथे टेकतात ती जागा मोहरीच्या दाण्याहून लहान, आणि तिथे एक कण आला की डेक्कन क्वीन जागच्या जागी उभी. चाकाखाली बारीक ठिणगी उडते, तिने धातू काळवंडतो, त्यात गिअरचं तेल मिसळतं, वर धूळ बसते, आणि रुळावर एक काळं, चिकट कीट चढतं. बोट फिरवलं तर बोटाला काजळासारखं लागतं. तीट म्हणून लावायला हरकत नाही, इतकं छान.

सगळ्यांत चीड येते ती वाळूची. बोरघाटाचा चढ ३७ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. घाटाचा हा मार्ग १८६३ साली सुरू झाला आणि आजही कर्जतला गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. पावसात चाकं घसरू नयेत म्हणून खऱ्या इंजिनात वाळूच्या पेट्या असतात. चालक बटण दाबतो आणि चाकापुढे रुळावर वाळू पडते. म्हणजे ते लोक मुद्दाम, सरकारी खर्चाने, रुळावर वाळू टाकतात आणि गाडी चढते. माझ्या रुळावर खिडकीतून फुकट येते आणि गाडी चढत नाही.

फुकट येते म्हणजे येतच असते. आमच्या गल्लीत एकामागून एक सोसायट्या पुनर्विकासाला गेल्या आहेत. एका बाजूची पाडून होते तोवर दुसऱ्या बाजूची पाडायला घेतात. जुन्या इमारतीत राहायचे त्या लोकांशी आमचा एवढा घरोबा कधी नव्हता. आता त्यांच्या भिंती आमच्याकडे मुक्कामाला असतात. एप्रिल-मे महिन्यात वळवाच्या आधी जी वावटळ उठते, ती सुकलेल्या पानांसकट आत. दिवाळीच्या साफसफाईला नवीन फुलझाडू आणला की त्याचा भुसा महिनाभर उडतो. झाडू घर झाडतोय की घर झाडूला झाडतंय, कळत नाही. पण खरा शत्रू स्वयंपाकघर. फोडणीचा धूर तेल घेऊन येतो, मागच्या खोलीपर्यंत पोचतो आणि झाडांवर बसतो. नुसती धूळ कुंच्याने उडते. फोडणी दिलेली धूळ उडत नाही. सह्याद्रीची माझी सगळी झाडी आता मोहरी-हिंगाच्या अंगाने हिरवी आहे.

आईने सुचवलं, वर जुनी साडी टाक. टाकली. सुती होती, तिचेच तंतू खाली पडले. मग नायलॉनची टाकली. नायलॉन ओढून काढलं की त्यावर वीज साठते, आणि प्लॅस्टिकच्या डब्यांवरही. ते डबे खोलीतली शिल्लक धूळ बोलावून घेतात. शिवाय साडी ओढताना पदराने सिग्नलचे दोन खांब आणि एक गँगमन नेला. गँगमन अजून सापडलेला नाही. शेवटी प्लॅस्टिकचा कागद आणला. तो उचलताना हलक्या हाताने, चारी कोपरे एकदम, दोन माणसांनी उचलायचा असतो, नाहीतर वरची सगळी धूळ घसरून नेमकी खंडाळ्यावर पडते. दुसरा माणूस म्हणजे माझा मुलगा. तो कानात इअरफोन घालून उचलतो, त्यामुळे ‘हळू’ हा शब्द त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर खंडाळ्याला धुकं पडलेलं असतं.

व्हॅक्यूम क्लीनरचं तंत्र मात्र खरंच कामाचं आहे, कुणाला हवं असल्यास सांगतो. नळीच्या तोंडावर पातळ नायलॉनचा मोजा रबरबँडने घट्ट बसवायचा. धूळ आत जाते आणि प्रवासी मोज्याला चिकटून राहतात. यंत्र बंद करायच्या आधी हात खाली धरायचा. एकेका खेपेला तिकीट तपासनीस, दोन बायका, एक बकरी असा ऐवज हातात येतो. त्यांना पुन्हा जागेवर चिकटवताना कोण कुठे उभं होतं ते आठवत नाही, म्हणून तपासनीस हल्ली रुळांच्या पलीकडे शेतात असतो.

रूळ पुसायला काय वापरावं यावर या छंदातल्या लोकांत जे वाद होतात, ते ऐकून श्रीखंडात चारोळी घालावी की नाही हा वाद फारच सौम्य वाटू लागतो. एक पक्ष आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. दुसरा म्हणतो, ते पुसल्यावर रूळ उलट लवकर काळे होतात, रॉकेल किंवा टर्पेंटाइनच बरं. तिसरा पुसून झाल्यावर मऊ शिसपेन्सिल रुळावर हलकेच ओढतो. ग्राफाइटमधून वीज जाते, ठिणग्या कमी उडतात. मेव्हण्याचा चौथा पक्ष पॉलिश पेपरचा. त्याला मी खोलीत येऊ देत नाही. पॉलिश पेपरने रुळाला बारीक ओरखडे पडतात आणि पुढचं कीट त्या ओरखड्यांत पक्कं घर करतं. चाकांचं वेगळंच. रुळावर अल्कोहोलने भिजवलेला टिश्यू पेपर ठेवायचा, इंजिनाची अर्धी चाकं त्यावर, अर्धी कोऱ्या रुळावर, आणि वीज द्यायची. इंजिन हाताने धरून ठेवलं की पुढची चाकं जागच्या जागी फिरतात आणि कागदावर दोन काळ्या रेघा उमटतात. त्या रेघा बघून इतका आनंद होतो की मी बायकोला हाक मारून दाखवल्या. तिने बघितल्या. ‘अशीच एकदा चिमणी पण पूस,’ म्हणाली. चिमणी म्हणजे गॅसवरची.

पाहुणे आले की गाडी हमखास थांबते, आणि तीही बोगद्यातच. उघड्यावर थांबणं तिला कमीपणाचं वाटत असावं. बोगद्यात कुंचा पोचत नाही, म्हणून खांद्यापर्यंत हात घालून चाचपावं लागतं. मागे एकदा दोन नंबरच्या बोगद्यात रुळाच्या मधोमध पालीचं अंडं होतं. सेंटिमीटरभर, म्हणजे घाटाच्या मापाने माणसाच्या कमरेएवढा पांढरा धोंडा. पावसाळ्यात खऱ्या घाटात दरड कोसळून वाहतूक बंद पडते, तेव्हा हे अगदी वास्तववादी होतं. पण पाहुण्यांना ते समजावत बसेपर्यंत त्यांचा चहा निवला.

कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे लोक गाड्या बघायला जातात, मी कोपरे बघतो. जर्मनीत हॅम्बुर्गला मिनिएचर वंडरलँड आहे, २००१ साली सुरू झालेलं, पंधरा किलोमीटरहून जास्त रूळ. पंधरा किलोमीटर! हे वाचल्यापासून तिथल्या फडक्यांच्या संख्येचा विचार डोक्यातून जात नाही.

आणि एवढं सगळं झाल्यावर या छंदाची पुढची पायरी काय, तर धूळ विकत घेणं. खरी मालगाडी कोरी करकरीत नसते, म्हणून तिच्यावर गंज, माती, कोळशाची पूड दिसली पाहिजे. त्यासाठी परदेशातून चिमुकल्या बाटल्यांत बारीक रंगीत पूड येते. तिचा भाव मी घरी सांगितलेला नाही. सगळा एक रविवार घालवून, मेकअपच्या ब्रशने, डब्यांच्या खाचाखाचांत मी ती पूड बसवली. तांबूस, तपकिरी, दाराखाली थोडी काळी. अगदी कळंबोलीहून आलेली मालगाडी वाटावी. वरून मॅट वार्निशचा फवारा मारला की ती कायमची बसते. फवारा संपला होता, म्हणून डबे जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रावर मांडून मी दुकानात गेलो.

परत आलो तर कामाच्या मावशी निघायच्या बेतात होत्या. डबे ओट्यावर ओळीने पालथे घातलेले, पाणी निथळत होतं.

‘दादा, किती मळल्या होत्या हो त्या गाड्या,’ मावशी चप्पल घालता घालता म्हणाल्या. ‘घासून ठेवल्यात. मागच्या खोलीत मात्र हात नाही लावला हां. तुमची ताकीद आहे ना. तिथली धूळ जशीच्या तशी ठेवलीय.’