एक्झिट पोल ‘सेट’ असतात म्हणे!

‘या वेळी मत द्यायला जाणार नाही रे, सगळं आधीच ठरलेलं असतं.’ हे बोलली आमची गिरगावची मावशी, जिने आजवर एक मतदान चुकवलेलं नाही. कारण काय, तर सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारा ‘एक्झिट पोलचं काळं सत्य’ हा मेसेज. मलाही तो आतापर्यंत तीन ठिकाणांहून आलाय. तेव्हा एकदाच लिहून टाकतो.

म्हणे, एक्झिट पोल (मत देऊन बाहेर पडलेल्यांना विचारून काढलेला निकालाचा अंदाज) दाखवून मतदारांचं मन फिरवतात. कसं हो? लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 126अ वाचा. मतदान सुरू झाल्यापासून शेवटचा टप्पा संपून अर्धा तास उलटेपर्यंत एक्झिट पोल दाखवायला बंदी आहे. मोडली तर दोन वर्षांपर्यंत कैद. 2024 मध्ये लोकसभेचे पोल आले 1 जूनच्या संध्याकाळी. मुंबईने मत दिलं होतं 20 मेला. बोटावरची शाई पुसट झाल्यावर कोणाचं मन फिरवणार? (निवडणुकीआधीचे ओपिनियन पोल वेगळे. पण मेसेजवाल्याला तेवढाही फरक ठाऊक नाही.)

पुढचा मुद्दा तर कहर आहे: आधी पोलचे आकडे ठरतात, मग मतदानाची मशीन त्यावर सेट करतात! 1 जूनला बहुतेक चॅनेलांनी एनडीएला 350 च्या वर नेलं, काहींनी 400 पर्यंत. निकालात जागा आल्या 293. एक्झिट पोल करणाऱ्या ॲक्सिस माय इंडियाचे प्रदीप गुप्ता स्टुडिओत सगळ्या देशासमोर रडले. ऑक्टोबरात हरियाणा जवळपास सगळ्यांनी काँग्रेसला देऊन टाकलं होतं. भाजपने 90 पैकी 48 जागा घेतल्या. नोव्हेंबरात महाराष्ट्रात महायुती 230 पार गेली, बहुतेक पोल कितीतरी खाली अडकले होते. एका वर्षात एकदा जास्त, एकदा उलटं, एकदा कमी. मशीन सेट करणाऱ्याला पोल दाखवायचे राहून गेले वाटतं!

मेसेजमधलं पुढचं वाक्य: ‘मला कधीच कोणी विचारलं नाही.’ राज्यात साडेनऊ कोटींहून जास्त मतदार आणि विचारतात काही हजारांना, नाहीच विचारणार. शितावरून भाताची परीक्षा होते, फक्त शितं एकाच कोपऱ्यातली नकोत. खरी गोची पुढे आहे: मतांचा अंदाज बरोबर आला तरी जागांचा चुकू शकतो. 2024 च्या लोकसभेला राज्यात दोन्ही आघाड्यांच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता, जागा मात्र 30 आणि 17.

राहिला पैशाचा मुद्दा, म्हणजे पैसे देऊन पोलचे आकडे बदलून मिळतात हा. त्यात तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. 2014 मध्ये एका वाहिनीच्या स्टिंगमध्ये सर्वेक्षण कंपन्यांची माणसं पैसे घेऊन आकडे फिरवायला तयार झालेली दिसली होती. नमुना कुठला, खर्च कोणाचा, हे चॅनेल धड सांगत नाहीत. 2024 मध्ये पोलवर उसळलेला सेन्सेक्स निकालाच्या दिवशी, 4 जूनला, 4,389 अंकांनी आपटला, त्यात कोणी काय कमावलं याची चौकशी जरूर मागा.

पण ‘म्हणून मतदानच करू नका’? 2024 च्या नोव्हेंबरात विधानसभेला कुलाब्यात निम्मे मतदारही केंद्रावर गेले नाहीत. आणि त्याच वर्षी मुंबई उत्तर-पश्चिमचा खासदार ठरला 48 मतांनी. आमच्या मावशीच्या चाळीत याहून जास्त मतं आहेत.