आयत्या वेळचे विषय

दादाने एका रात्री फोटो पाठवला. पुण्यात कर्वेनगरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी डांबराचा एक ओबडधोबड उंचवटा, त्यावर ना पांढरे पट्टे ना अलीकडे कुठली पाटी. खाली लिहिलं होतं, "रातोरात उगवला. कुणी टाकला, कुणालाच माहीत नाही." आठवडाभर आधी शेजारच्या काकूंना राँग साइडने आलेल्या दुचाकीने उडवलं होतं, त्यात त्यांचं मनगट मोडलं. मग सोसायटीतल्या पाचसहा जणांनी आपापल्या ओळखीत फोन फिरवले आणि त्यातला कुठला तरी लागू पडला. तीन आठवड्यांनी दुसरा फोटो आला. उंचवटा गायब. पलीकडच्या गल्लीतल्या कुणाची तरी कंबर धरली म्हणे, आणि त्यांचीही ओळख होतीच.

आता सोसायटीत दोन तट आहेत. एकाचं म्हणणं, आपले लोकच असले, शिस्त म्हणून नाही. दुसऱ्याचं म्हणणं, पोलीस काय करतात, मामा फक्त चौकात झाडाआड पावत्या फाडायला उभे. दोन्ही तटांना साक्षीदार म्हणून मी हवी आहे, कारण मी 'तिकडे' असते. "सांग जरा यांना, तुमच्याकडे कसं असतं ते," असं दादा म्हणतो.

सांगते, पण साक्ष कुणाच्याच बाजूने जाणार नाही. अमेरिकेत २०२२ साली रस्त्यांवर ४२ हजारांहून अधिक माणसं मेली. भारतात त्याच वर्षी १ लाख ६८ हजारांहून अधिक. पण भारताची लोकसंख्या इथल्या चौपटीहून जास्त आहे. दर लाख माणसांमागे हिशेब केला तर अमेरिकेचा आकडा किंचित वरच निघतो. इथे गाड्या कितीतरी जास्त आणि चालवलेले मैलही जास्त, हे खरं. तरी लेन पाळणाऱ्या, हॉर्न न वाजवणाऱ्या या देशात माणूस रस्त्यावर सुरक्षित आहे, असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. शिस्तीची गोष्ट इथेच सोडते.

मला सांगायचंय ते उंचवट्याबद्दल. कारण माझ्याही गल्लीत तो आला, आणि यायला दोन वर्षं चार महिने लागले.

मी कॅलिफोर्नियात, सॅन होजेच्या शेजारच्या एका छोट्या शहरात राहते. संध्याकाळी हायवे तुंबला की गाड्या आमच्या गल्लीतून मुसंडी मारतात आणि गल्लीच्या टोकाला प्राथमिक शाळा आहे. आधी घरोघर जाऊन अर्जावर सह्या घ्याव्या लागल्या. मग शहराच्या लोकांनी रस्त्यावर काळ्या रबरी नळ्या आडव्या टाकून आठवडाभर गाड्या आणि त्यांचा वेग मोजला. मग वाहतूक समितीची बैठक, पुन्हा अहवाल, आणि शेवटी नगर परिषद. तिथे बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. समोर दिवा असतो: हिरवा, पिवळा, लाल. लाल झाला की माइक बंद, मग तुम्ही कुणी का असेना.

अग्निशमन दलाने विरोध केला. प्रत्येक उंचवट्याला बंब काही सेकंद उशिरा पोचतो, आणि हृदयविकाराच्या रुग्णाला ते सेकंद महाग पडतात, असं त्यांचं म्हणणं. मला ते तेव्हा आडमुठं वाटलं होतं. नंतर पटलं. शेवटी बंबाची एकमेकांपासून लांब असलेली चाकं मधून सुटतील असे, खाचा ठेवलेले तुकड्यातुकड्यांचे उंचवटे ठरले. रातोरात टाकलेल्या डांबराच्या ढिगाला ही अक्कल येणार नाही, कारण तो टाकण्याआधी बंबवाल्याला कुणी विचारलेलंच नसतं. आपल्याकडेही भारतीय रस्ते काँग्रेसचं मानक आहे की: गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. कर्वेनगरातला साधारण वीटभर रुंद होता.

इथलं सगळं शहाणपणाचं असतं असं मुळीच नाही. कॅलिफोर्नियात वेगमर्यादा ठरवण्याची जुनी रीत अशी, की शंभरातल्या पंचाऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत चालतात, तो वेग पायाभूत धरायचा. म्हणजे लोक जितके सुसाट, तितकी मर्यादा वर. अशी पाहणी नसेल तर बऱ्याच रस्त्यांवर पोलिसांनी रडारने पकडलेला वेग कोर्टात टिकत नाही. आमच्या बैठकीत एका निवृत्त मास्तरांनी विचारलं, "चोऱ्या वाढल्या तर कुलपं काढून टाकणार का?" २०२१ च्या कायद्याने शहरांना मर्यादा थोडी खाली आणायची मुभा दिली, तीही अटी घालूनच.

तरी त्या संध्याकाळी मला सगळ्यात नवल वाटलं ते एका खुर्चीचं. तिच्यात पोलीस अधिकारी बसला होता. तीन महिन्यांत आमच्या गल्लीत किती गाड्या अडवल्या, हे त्याला विचारलं गेलं आणि त्याला सांगावं लागलं. आकडा लाजिरवाणा होता, तो मान खाली घालून वाचत होता. त्याने सांगितलं ते चांगुलपणा म्हणून नव्हे. इथे पोलीसप्रमुख शहराच्या व्यवस्थापकाच्या हाताखाली असतो आणि त्याचं अंदाजपत्रक हीच नगर परिषद मंजूर करते.

पुण्यात सिग्नलचा खांब महापालिकेचा आणि त्याखाली उभा असलेला माणूस राज्याच्या गृहखात्याचा. झेब्रा कोण रंगवणार, गतिरोधकाला परवानगी कोण देणार, राँग साइडवाल्याला कोण अडवणार, यासाठी दोन वेगळी दारं, आणि दोन्ही दारांत निवेदनच द्यायचं. नगरसेवक पोलिसाला फार तर विनंती करू शकतो. आणि तो नगरसेवक तरी कुठे होता? मार्च २०२२ मध्ये मुदत संपली, त्यानंतर जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत जवळजवळ चार वर्षं सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. आता एका प्रभागाला चार-चार माननीय आहेत. काकूंनी मनगट घेऊन कुणाच्या दारात जायचं, हा प्रश्न चारने भागला गेला इतकंच.

कॅलिफोर्नियात १९५३ पासून खुल्या सभांचा कायदा आहे आणि पुढे त्यात हेही आलं: नेहमीच्या बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लोकांना दिसेल अशी लावायची, आणि जो विषय पत्रिकेवर नाही त्यावर, अगदी आणीबाणी सोडली तर, निर्णय घ्यायचा नाही. हे वाचून मला हसू आलं, कारण आपल्याकडच्या सभांत एक सन्मान्य कलमच असतं: आयत्या वेळचे विषय. बाबा महापालिकेतून निवृत्त झाले. ते म्हणायचे, पत्रिकेवरचे विषय श्रद्धांजली वाहून तहकूब होतात, खरं काम आयत्या वेळी होतं. आमच्या गल्लीतला उंचवटा आयत्या वेळी आला आणि आयत्या वेळी गेला.

आता दुसरी बाजू, जी दादाच्या ग्रुपवर कुणाला ऐकायची नसते. माझ्या बैठकीत बोलले ते बहुतेक साठीच्या पुढचे, स्वतःचं घर असलेले, गोरे. कोपऱ्यावरच्या भाड्याच्या इमारतीतली मुलं त्याच शाळेत चालत जातात, पण त्यांचे आईबाप संध्याकाळच्या पाळीला असतात. त्यांच्यापैकी एकही आलं नव्हतं. आणि मी तरी? या शहरात बारा वर्षं काढून पहिल्यांदा गेले, तेही माझ्या मुलीच्या वाटेचा प्रश्न आला म्हणून.

शेजाऱ्यांनी पोलिसांचे डोळे व्हावं, ही कल्पना ऐकायला छान. पण ते डोळे कुणाकडे वळतात? २०१५ च्या फेब्रुवारीत अलाबामातल्या मॅडिसन गावी, नातवाला सांभाळायला गुजरातहून आलेले एक आजोबा सकाळी फेरफटका मारत होते. कुणा शेजाऱ्याने संशयित माणूस म्हणून फोन केला. इंग्रजी येत नसलेल्या त्या माणसाला पोलिसाने जमिनीवर आपटलं, शरीर लुळं पडलं. त्या पोलिसावर खटला झाला, पण शेवटी तो सुटला. बाबा सहा महिन्यांसाठी इथे आले, तेव्हा मी त्यांच्या खिशात आमचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी ठेवायची. ते चिडायचे, "मी काय हरवलेलं पोर आहे?" चिठ्ठीमागचं कारण मी त्यांना कधी सांगितलं नाही.

म्हणून अमेरिकेकडून मोहल्ल्यातला पोलीस शिकायला जायची आपल्याला गरज वाटत नाही. तो आपल्याकडे भिवंडीत होऊन गेला. १९८४ च्या दंगलीने होरपळलेल्या त्या गावात १९८८ ला पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं आणि एक पोलीस, ठरावीक दिवशी, एकाच सतरंजीवर. डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. आजही गणपतीआधी प्रत्येक पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते आणि मंडळवाले, मौलवी, दुकानदार, साहेब सगळे चहा पितात. मिरवणुकीच्या मार्गासाठी ही माणसं एका खोलीत बसू शकतात, तर शाळेसमोरच्या झेब्रासाठी रस्ते खात्याच्या अभियंत्याला त्याच खोलीत पाचवी खुर्ची का मिळू नये? कायद्यातही वाट आहे. तीन लाखांवरच्या शहरांना प्रभाग समित्या ७४ व्या घटनादुरुस्तीने सांगितल्या, आणि राज्याच्या कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभा आहेत, म्हणजे मतदारांनी स्वतः बसायची सभा.

हे सगळं मी दादाला लांबलचक लिहून पाठवलं आणि शेवटी विचारलं, आपल्या प्रभाग समितीची पुढची बैठक कधी आहे? त्याने तिघांना फोन लावले. दोघांना अशी बैठक असते हेच ठाऊक नव्हतं. तिसऱ्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, "पण साहेब, तुम्हाला तिथे कशाला यायचंय?"