कुरडईवरची राख

परवा गच्चीवर गव्हाच्या चिकाच्या कुरडया घातल्या होत्या. संध्याकाळी आई त्या गोळा करायला गेली आणि वरूनच ओरडली, "अगं, डोंगर पेटलाय बघ परत!" मी धावत वर पोचेपर्यंत पांढऱ्याशुभ्र कुरडयांवर जळक्या गवताच्या काळ्या काड्या पडायला लागल्या होत्या. उचलायला जावं तर बोटात चुरा होतो आणि डाग तिथेच राहतो. अर्धा घाणा वाया गेला. आई डोंगर पेटवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बसली आणि मी बूट शोधायला लागले.

आम्हा नाशिकच्या म्हसरूळकरांना यात नवीन काही नाही. फेब्रुवारी लागला की चामरलेणीच्या डोंगराच्या अंगावर कुठेतरी लाल रेघ दिसतेच. पांडवलेणीकडच्या मैत्रिणीचे फोटो येतात, अंजनेरी-ब्रह्मगिरीकडचे व्हिडिओ येतात. मग 'समाजकंटकांनी आग लावली' हे ठरलेलं वाक्य. या दिवसांत आपल्याकडे वीज पडून गवत पेटणं जवळपास होतच नाही, म्हणजे काडी माणसाचीच, एवढं खरं. पण 'समाजकंटक' म्हटलं की विषय संपतो, आणि मला तो तिथे संपवायचा नाही.

चारेक वर्षं वणवे विझवायला जातेय. सुरुवातीला मीही निरगुडीची ओली फांदी घेऊन धोपटत सुटायचे. बरोबरच्या वनमजुराने हात धरला. "ताई, आपटू नका, ठिणग्या उडत्यात. दाबून वढा." दुसरी गोष्ट शिकले ती जाळाच्या वरच्या अंगाला कधीही उभं न राहण्याची. चढावर खालची ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवते, त्यात दिवसा वारंही चढाकडे वाहतं. माणूस पळू शकत नाही इतक्या वेगाने जाळ अंगावर येतो. अग्निशमनचा बंब पायथ्याच्या रस्त्यावर उभा राहतो, त्याचा पाइप कुठवर पुरणार?

उपग्रह आहेत की, असं बरेच जण म्हणतात. आहेत, आणि त्यांचे अलर्ट वनखात्याला जातातही. पण ज्या उपग्रहांवर यात मुख्य भिस्त आहे, ते आपल्यावरून जातात दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास. त्यांच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे 375 मीटरचा चौकोन. संध्याकाळी सातला पेटलेलं गवत दहापर्यंत राख होतं. मोठ्या जंगलात दिवसचे दिवस धुमसणाऱ्या आगीसाठी ही सोय उत्तम, आपल्या गवताळ उतारांना ती अपुरी पडते.

कायदाही आहे, 1927 चा. राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे. पण पुरावा काय देणार? काडी तर आगीतच जाते. शिवाय पुष्कळदा आग जंगलात लागतच नाही. खाली कोणी मालकीच्या रानात बांध पेटवतो, कोणी मोहाची फुलं वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतो, कोणी विडी फेकतो, आणि वाऱ्याबरोबर ती वर सरकते. पेठ-सुरगाण्याकडे भात-नाचणीच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे रोपं टाकायच्या जागेवर पालापाचोळा, फांद्या पसरून जाळतात. ती पिढ्यान्पिढ्यांची शेती आहे, तिला नावं ठेवायचा आपल्याला काही अधिकार नाही. पण राबाजवळची एखादी ठिणगी सुटली की पुढचं कोणाच्या हातात नसतं.

अंजनेरीच्या पायथ्याला एका म्हाताऱ्या बाबांना सरळच विचारलं, डोंगर का जाळतात? ते म्हणाले, "जुनं जळल्याबिगर नवं कवळं कसं फुटंल?" मी वाद घातला. आता वाटतं, अर्धं त्यांचं खरंच होतं. जळलेल्या जागी कोवळे कोंब लवकर दिसतात, गुरं आवडीने खातात. पण पहिल्या जोरदार पावसात राख आणि तिच्याखालची माती ओढ्याला लागते. आणि कुसळी गवताला आगीचं फारसं काही वाटत नाही. त्याचं कुसळ ओलीने पिळा घेत स्वतःच जमिनीत घुसतं, बी मातीखाली सुखरूप राहतं. शेजारची नाजूक झाडं, घरटी, सरडे जातात. दर वर्षी जाळलेल्या उतारावर हळूहळू कुसळीच माजते. तिला कुसळं धरली की गुरं तोंड लावत नाहीत. मग ती उभ्या उभ्या वाळते आणि पुढच्या फेब्रुवारीची वाट बघते.

म्हणून माझं मत जरा नावडतं आहे. प्रश्न काडीचा कमी आणि गवताचा जास्त आहे. पूर्वी दिवाळीच्या आसपास लोक डोंगरावरचं गवत कापून भारे घरी न्यायचे, कारण गोठ्यात बैल होते. आता बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला. रोपवनात चराईबंदी झाली, ती गरजेचीही होती, पण चरायचं थांबलेलं गवत कापणार कोण, हे कोणी ठरवलं नाही. जाळरेषा काढतात, म्हणजे आग अडावी म्हणून गवताचा पट्टा आधीच जाळून मोकळा करतात. त्यांचा उपयोग होतो, पण कंबरभर गवत असलं आणि वारा सुटला की ठिणगी पट्टा ओलांडते.

आणि आम्ही शहरातली माणसं काय करतो? जुलैत खड्डे घेतो, रोपं लावतो, फोटो काढतो. मीही दोनशे रोपांच्या एका मोहिमेत होते. रोपांभोवतीचं गवत कोणी काढलं नाही, मीही नाही. मार्चमध्ये वर गेलो तेव्हा काळ्या उतारावर बांबूच्या आधारकाठ्यांची थोटकं ओळीने उभी होती. त्यावरूनच रोपं कुठे होती ते कळलं.

तर यंदा झाडं लावायला मला बोलावू नका. दसरा ते दिवाळी दर रविवारी सकाळी, वनखात्याची परवानगी काढून, आधी रोपांभोवतीचं आणि मग पायवाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत कापायचं ठरवतेय. पायथ्याच्या एका दूधवाल्या भाऊंनी भारे न्यायचं कबूल केलंय, कुसळं धरायच्या आत कापलं तरच, ही त्यांची अट. येणाऱ्यांनी जाड मोजे घालावेत आणि विळा आपापला आणावा. माझ्याकडे तीनच आहेत, त्यातला एक आईचा आहे आणि तो ती देणार नाही म्हणालीय.