भाताचा वाडगा आणि तीन बंदुका

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराय’ (1954) हा सात लढवय्यांचा सिनेमा दर काही वर्षांनी मी पुन्हा लावतो आणि दर वेळी माझा आवडता माणूस बदललेला असतो.

कॉलेजच्या दिवसांत अर्थातच सातांतला पट्टीचा तलवारबाज क्यूझो. त्या वयात दुसरं कोण आवडणार? हाडकुळा, अबोल, उगाच तलवार न उपसणारा. रात्री एकटाच लुटारूंच्या दिशेने निघून जातो, पहाटे त्यांची बंदूक घेऊन परत येतो, किती मारले तेवढा आकडा सांगतो आणि झोपून जातो. सातांतला पोरगेला कात्सुशिरो त्याच्याकडे ज्या नजरेने बघतो, त्याच नजरेने आम्ही सगळे बघायचो. पुढे नोकरीत चार माणसं सांभाळायची वेळ आली तेव्हा सातांचा म्होरक्या कांबेई जवळचा वाटू लागला. ही भूमिका करणारा ताकाशी शिमुरा! दोनच वर्षं आधी कुरोसावाच्याच ‘इकिरू’मध्ये मरणाच्या दारात उभा असलेला कारकून रंगवणारा हा माणूस इथे मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवत अख्खी लढाई आखतो.

आणि आता? आता मी शेतकऱ्यांकडे बघत बसतो. सिनेमा खरं तर त्यांचाच आहे, सात जण त्यांनी कामाला आणलेले आहेत.

गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. सोळाव्या शतकातला जपान, यादवीचा काळ. 40 लुटारू जव पिकला की गावावर पुन्हा धाड घालणार, हे गावाला आधीच कळतं. गावातला म्हातारा सल्ला देतो की सामुराय आणा, पण उपाशी असतील असेच आणा. कारण द्यायला पैसा नाही, जमीन नाही, फक्त दोन वेळचा भात आहे. तोसुद्धा कसा? शहरात सामुराय शोधायला गेलेले शेतकरी स्वतः भरड धान्य खातात आणि तांदूळ राखून ठेवतात. त्यातलाही थोडा चोरीला जातो. तेव्हा जमिनीवर सांडलेला एकेक दाणा वेचणारा योहेई आठवून बघा. धर्मशाळेतला एक मजूर आधी या लोकांची यथेच्छ टिंगल करतो, मग तोच भाताचा वाडगा कांबेईसमोर धरतो आणि हे बिचारे स्वतः काय खातात ते सुनावतो. कांबेई वाडगा हातात घेतो. हा भात वाया घालवणार नाही, एवढंच म्हणतो. करार झाला! ना भाषण, ना पार्श्वसंगीताचा भडिमार.

टोळी जमवण्याचा हा भाग नंतर किती जणांनी उचलला त्याला गणती नाही. हॉलिवूडने 1960 मध्ये रीतसर ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ केला, आपल्या ‘शोले’वरही (1975) ही सावली आहेच. पण उचलताना बहुतेकांनी एक एक वीर उचलला आणि वाडगा तिथेच ठेवला. हल्लीच्या टोळी-सिनेमात प्रत्येकाला एक हत्यार, एक विनोद आणि एक स्लो मोशन मिळतं. ज्यांना वाचवायचं ते लोक पळताना दिसले की त्यांचं काम संपलं.

इथे तसं होत नाही, कारण गाव भाबडं नाही. शेतकऱ्यांनी पळणाऱ्या, जखमी सामुरायांना मारून लुटलेली चिलखतं लपवून ठेवलेली असतात. ती बाहेर येतात तेव्हा सामुरायांचे चेहरे पडतात. अशा गावासाठी लढायचं? आणि मग सातांतलाच किकुचियो उसळतो. ही भूमिका करणारा तोशिरो मिफुने जवळजवळ कॅमेऱ्यावरच धावून येतो. हो, शेतकरी लबाड असतात, कंजूष असतात, धान्य लपवतात, खोटं बोलतात. पण त्यांना असं केलं कुणी? तुम्हीच! गावं तुम्ही जाळलीत, बायका तुम्ही पळवल्यात. बोलता बोलता तो बसकण मारतो आणि रडू लागतो. हा स्वतः शेतकऱ्याचा पोर आहे हे तेव्हा कांबेईला कळतं. याच माणसाने आधी सामुराय म्हणून मिरवायला कुणाची तरी वंशावळ आणलेली असते आणि तिच्यानुसार त्याचं वय 13 वर्षं निघतं! आधी त्या दृश्याला मी फक्त हसायचो. आता हसतो, पण ती वंशावळ त्याने कुठून आणली असेल हा विचार पाठ सोडत नाही.

सुरुवातीच्या तासाभरात मिफुने जरा जास्तच उड्या मारतो, हे मात्र मान्य करायला हवं. भक्तांनी रागावू नये. कात्सुशिरो आणि गावातल्या शिनोचं फुलांमधलं प्रेमप्रकरणही लांबलंय. आणि लुटारूंना चेहराच नाही. त्या काळात मालक गमावलेले किती तरी सैनिक लुटारू झाले. म्हणजे समोर उभा असलेला कदाचित कालचा सामुरायच. कुरोसावाला हे ठाऊक नसणार असं होणं नाही, तरी त्याने त्या बाजूला कॅमेरा फारसा नेलाच नाही. माझी ही तक्रार वर्षागणिक वाढतेच आहे.

लढाईबद्दल मात्र तक्रार शून्य. पावसातल्या शेवटच्या चकमकीसाठी त्याने एकाच वेळी अनेक कॅमेरे लावले होते. तरी कोण कुठे आहे, पूल कुठे, गावाची कुठली बाजू उघडी ठेवलीय, यात एकदाही गोंधळ उडत नाही. कांबेई कागदावर गोल काढून ठेवतो आणि लुटारू पडेल तसा एकेक गोल खोडत जातो, त्यामुळे किती उरले हा हिशेब आपल्याही डोक्यात पक्का असतो. शेवटच्या सकाळी 13 उरतात. किकुचियो मातीच्या ढिगात नागव्या तलवारी रोवून ठेवतो, कारण एका तलवारीने पाच माणसं मारून होत नाहीत. तलवारबाजीचा एवढा व्यवहारी विचार मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलेला नाही.

आता बंदुका. लुटारूंकडे फक्त तीन. सातांपैकी चार जण मरतात, हेइहाची, गोरोबेई, क्यूझो, किकुचियो, आणि चौघेही गोळीने. तलवारीने एकही नाही. ज्या क्यूझोवर आम्ही फिदा होतो, तो तलवारीत कुणालाच हरला नाही. लांबून कुणीतरी चाप ओढला आणि तो चिखलात पडला. आयुष्यभराची साधना त्या एका गोळीपुढे कुचकामी ठरली. तरुणपणी मला हा त्याच्यावरचा अन्याय वाटायचा. आता वाटतं, सिनेमा दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने संपूच शकला नसता.

शेवटी भातलावणी चालू असते आणि कांबेई म्हणतो की जिंकले ते शेतकरी, आपण नाही. हे वाक्य लोक सुविचारासारखं फिरवतात, तिथे माझं जमत नाही. लावणीत गाणारा रिकिची आठवा. त्याची बायको लुटारूंनी नेली होती. ती सापडली तेव्हा नवऱ्याला बघून पेटत्या घरात परत शिरली. सल्ला देणारा म्हातारा पाणचक्कीसोबत जळाला. योहेई मेला. हे जिंकणं असेल तर कांबेईने एकदा रिकिचीला विचारायला हवं होतं. कांबेईची थडग्यांसमोरची खंत खरी आहे, पण ती सामुरायाची खंत आहे. गावाचा जमाखर्च त्याने मांडलेलाच नाही.

पुढच्या वेळी फक्त योहेईवर लक्ष ठेवून पाहायचा विचार आहे. सदा रडवेला, घाबरट, दाणे वेचणारा. हा माणूस मोर्चा राखेल असं सिनेमातल्या कुणालाच वाटत नसतं. क्यूझोसारखं नाव कमवायला किकुचियो आपली जागा सोडून बंदूक आणायला पळतो, तेव्हा त्या जागी उभा राहतो तो हाच.