बेडकाला म्हणे व्हायरस होत नाही!

पहिला पाऊस झाला की डबक्यात डराव-डराव सुरू होतं आणि फोनवर तो फॉरवर्ड. मजकूर साधारण असा: ‘बेडूक गटारात, डबक्यात राहतो, पण कधी आजारी पडत नाही, कारण त्याच्या अंगावरचा चिकट द्रव कुठल्याही व्हायरसला मारतो. भारतीय बेडकात फ्लूचं औषध सापडलं आहे. बेडूक खाणाऱ्यांना सर्दी-खोकला होत नाही. पुढे पाठवा.’

यातलं एकच वाक्य खरं, तेही अर्धं. त्याच्यापासूनच सुरुवात करू.

तिरुवनंतपुरमचं राजीव गांधी जैवतंत्रज्ञान केंद्र आणि अमेरिकेतलं एमरी विद्यापीठ इथल्या संशोधकांनी २०१७ मध्ये ‘हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा’ या बेडकाच्या त्वचेतल्या पेप्टाइडांवरचं, म्हणजे प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांवरचं, काम प्रसिद्ध केलं. बातम्यांत हा बेडूक केरळचा म्हणून गाजला. पण तो आपल्या सह्याद्रीतही आहे आणि २०१५ मध्ये त्याला वेगळी जात म्हणून नाव देणाऱ्यांत पुण्याचे अभ्यासक होते. विटकरी पाठ, काळपट कुशी. पावसाळ्यात कोकणात फिरला असाल तर कदाचित दिसलाही असेल.

संशोधकांनी ३२ पेप्टाइडं तपासली. फ्लूवर चार चालली. त्या चारांपैकी तीन माणसाच्या तांबड्या रक्तपेशींनाच विषारी निघाली. उरलं एक. त्याचं नाव ‘उरुमिन’, केरळच्या कळरीपयट्टू या युद्धकलेतल्या चाबकासारख्या लवचिक तलवारीवरून, उरुमीवरून ठेवलेलं. नाकातून दिल्यावर उंदीर जीवघेण्या फ्लूतून वाचले. मात्र हे एच१ जातीच्या फ्लूपुरतंच. विषाणूच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाचा देठ उरुमिन पकडतं, तो देठ एच३ मध्ये वेगळा असतो, आणि तिथे त्याची मात्रा चालत नाही. म्हणजे ‘कुठलाही व्हायरस’ राहू द्या, सगळा फ्लूसुद्धा नाही.

आता ‘कधी आजारी पडत नाही’ हे वाक्य. हे सरळ खोटं आहे. अमेरिकेतल्या लेपर्ड फ्रॉग या बेडकाला मूत्रपिंडाचा कर्करोग होतो, आणि तो एका हर्पिस विषाणूमुळे. तशाच गाठींवर काम चालू असताना १९६० च्या दशकात ‘फ्रॉग व्हायरस ३’ हा रानाव्हायरस, म्हणजे बेडकांसारख्या थंड रक्ताच्या प्राण्यांना ग्रासणाऱ्या विषाणूंच्या गटातला एक, हाती लागला. या रानाव्हायरसांनी ब्रिटनमधल्या बागांच्या तळ्यांत काय केलं ते पाहा: मांड्यांवर लाल रक्ताळलेले डाग, कातडीवर व्रण, काहींची बोटं झडलेली, आणि एका सकाळी पाण्यावर तरंगणारे बेडूक. जिथे ही साथ परतपरत आली, तिथल्या बेडकांची संख्या बारा वर्षांत सुमारे ८० टक्क्यांनी घटली. सगळ्यांच्या अंगाला चिकट द्रव होताच की.

तो द्रव बिनकामाचा आहे असं मी म्हणत नाही. त्वचेतल्या ग्रंथींमधून निघणारी काही पेप्टाइडं प्रयोगशाळेत रानाव्हायरसला निष्प्रभ करतात. पण तो दारावरचा पहारेकरी. घरातलं सैन्य वेगळं, आणि मला विचाराल तर खरी गंमत तिथे आहे. आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकावर हे सगळ्यात बारकाईनं पाहिलं गेलंय. प्रौढ झेनोपसला फ्रॉग व्हायरस ३ टोचला तर तो काही आठवड्यांत सावरतो, कारण त्याच्याकडे इंटरफेरॉन (विषाणू आल्याचा इशारा पेशींना देणारं प्रथिन) आहे, प्रतिपिंडं आहेत आणि संसर्ग झालेल्या पेशी हुडकून मारणाऱ्या सीडी८ टी-पेशी आहेत. आपल्याकडे असतात तशाच. या टी-पेशी मुद्दाम काढून टाकल्या, तर तोच धडधाकट बेडूक विषाणूला बळी पडतो. कातडी तीच, चिकटपणा तोच.

त्याच बेडकाचं पिल्लू घ्या. टॅडपोल बहुधा मरतो. त्याचा इंटरफेरॉनचा प्रतिसाद उशिरा आणि मंद येतो, आणि संसर्गित पेशी टी-पेशींना ओळखू याव्यात म्हणून जी एमएचसी वर्ग-१ प्रथिनं लागतात, ती रूपांतरापर्यंत त्याच्या शरीरात फारशी दिसतच नाहीत. शेपूट जाऊन पाय येताना थायमसमधल्या, म्हणजे टी-पेशी जिथे तयार होतात त्या ग्रंथीतल्या, बऱ्याचशा पेशीही मरतात आणि नव्यानं भरती होते. नाहीतर प्रौढ शरीरातली नवी प्रथिनं परकी समजून जुन्या पेशी त्यांच्यावरच तुटून पडल्या असत्या. आणि बरा झालेला प्रौढ तरी पूर्ण सुटतो का? विषाणू त्याच्या मॅक्रोफेज पेशींत, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींतच, दडून राहू शकतो.

राहिलं ‘खाणाऱ्यांना सर्दी होत नाही’. पेप्टाइड पोटात गेलं की डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जातं, फ्लूपर्यंत पोचत नाही. गोव्यात पावसाळ्यात ‘जंपिंग चिकन’, म्हणजे बेडकाचं मांस, चोरून खाणारे आहेत. त्यांना सर्दी होत नाही असा काही पुरावा नाही. शिवाय त्यासाठी पकडला जाणारा मोठा बेडूक वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे, आणि बेडकाच्या तंगड्यांची निर्यात आपण १९८७ मध्येच बंद केली. उरुमिनसाठीसुद्धा कुणी बेडूक मारत बसलं नव्हतं. सौम्य विजेनं त्यांचा स्राव घेतला, पेप्टाइडाची रचना ओळखली आणि पुढचं सगळं प्रयोगशाळेत तयार केलं.